धूर तपासला, ब्रेकचं काय?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचावर, तर आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं पोलादपूर शंभर मीटरच्याही खाली. चाळीसेक किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यात मोटार बाराशे मीटरहून जास्त उतरते. माणसं-सामान धरून दीड टन वजन असेल, तर या उतारात मोकळी होणारी ऊर्जा पन्नास लिटर गार पाणी उकळायला पुरते. घाटात ही ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या पोटात साठते.

दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्याच्या गाडीत इंजिन यातला मोठा भार उचलतं. वरच्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरणारा तो सगळा डिस्क आणि पॅडवर टाकतो. त्यात पायथ्याशी चहाला थांबताना तापलेला ब्रेक दाबून धरला, की पॅडचा माल डिस्कला एका जागी चिकटतो. मग महामार्गावर ऐंशीच्या वेगात ब्रेक लावताच स्टेअरिंग हातात थरथरू लागतं.

गॅरेजमधलं उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं : ‘डिस्क बेंड झालीय, जोडी बदलू या.’ जोडी बदलली जाते, थरथर जाते आणि काही महिन्यांत परत येते. दोष ‘डुप्लिकेट’ मालावर ढकलला जातो. खरं कारण अनेकदा नव्या डिस्कच्या मागे दडलेलं असतं. डिस्क ज्यावर बसते त्या हबवर कोकणातल्या पावसात गंज धरतो. तो न खरवडता डिस्क बसवली, तर ती किंचित तिरकी बसते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला घासतो आणि हजारो किलोमीटरनंतर तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. जाडीतला ०.०२ मिलिमीटरचा फरकही थरथर जाणवायला पुरे असतो. ऐंशीच्या वेगात चाक सेकंदाला बाराएक फेरे मारतं. तितक्याच वेळा ब्रेकची पकड कमी-जास्त होते.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो.

मोजण्याआधी चार प्रश्न मात्र फुकट विचारता येतात. ब्रेक न लावताही गाडी थरथरते का? तसं असेल तर आधी टायर, रिम आणि व्हील बॅलन्सिंग पाहायचं. थरथर स्टेअरिंगमध्ये आहे की सीटखाली? पहिली बहुधा पुढच्या चाकांची, दुसरी मागच्यांची. मागे ड्रम आणि ओढायचा हँडब्रेक असेल, तर मोकळ्या मैदानात, कमी वेगात, बटण दाबून धरून तो हलकेच ओढून पाहावा. थरथर तेव्हाही आली तर संशय मागच्या ड्रमवर. चौथा प्रश्न पेडलचा. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाला धक्के देत असेल, तर ते बहुधा एबीएसचं काम चालू असल्याचं लक्षण, बिघाडाचं नव्हे.

त्यानंतर डायल गेज. चाक काढून, डिस्क हबवर घट्ट आवळून ती फिरवायची आणि काटा किती हलतो ते पाहायचं. अनेक मोटारींत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतच मुभा असते. मायक्रोमीटरने जाडी सात-आठ ठिकाणी मोजायची. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. कॅलिपरच्या पिना अडकल्यात का, लोअर आर्मचे बुश सैल आहेत का, हेही त्याच वेळी कळतं. शेवटी नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने आवळायचे. एअर गनने कमी-जास्त आवळलेले नट चांगली डिस्कही तिरकी करू शकतात.

डायल गेज दोन-तीन हजार रुपयांत मिळतं, तरी अनेक छोट्या गॅरेजांत ते दिसत नाही. दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. गिऱ्हाईक पार्टचे पैसे निमूट देतं आणि तासाभराच्या तपासणीचे पैसे मागितले की हुज्जत घालतं. अशा हिशेबात पार्ट बदलणंच मेकॅनिकला परवडतं.

कायदाही याच वळणाचा आहे. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षं चालते. तेवढ्या काळात पीयूसीसाठी तिचा धूर पुन्हापुन्हा तपासला जातो, ब्रेक एकदाही नाही. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की तिची दरवर्षी तपासणी होते आणि तीत ब्रेकही येतात. जर्मनीत पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी.

आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक रांग आणि आणखी एक दलाल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच सुरुवात सक्तीने नको, गणेशोत्सवापासून हवी. कोकणात जाणाऱ्या भक्तांना सरकार टोलमाफी देतं, महामार्गावर सुविधा केंद्रं उभारतं. त्याआधी दोन आठवडे मुंबई, ठाणे, पनवेलला आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विद्यार्थ्यांकडून ब्रेक तपासणीची शिबिरं घेता येतील. महाड-पोलादपूरच्या केंद्रांवर तपासणी ठेवली तर ती कोकणात निघालेल्या गाड्यांना कशेडी घाटाच्या अगदी तोंडाशी, म्हणजे उशिराच मिळेल. तिथे ती परतणाऱ्यांसाठी ठेवावी.

तोवर वाहनमालकाने एवढा आग्रह धरावा : डिस्क बदलण्याआधी बिलावर दोन आकडे लिहून मागावेत, जुन्या डिस्कची मोजलेली जाडी आणि डायल गेजचं वाचन. नवी डिस्क बसवल्यावर तेच वाचन पुन्हा. आकडे द्यायला गॅरेज तयार नसेल, तर गाडी दुसरीकडे न्यावी आणि तपासणीचे वेगळे पैसे खुशाल द्यावेत.