ढेप कुठली, ते आधी सांगा

या आठवड्यात यवतमाळात एकाने मला ‘सेंद्रिय’ दूध दुप्पट भावाने देऊ केले. गाईला खुराक काय, विचारले. ‘सरकीची ढेप,’ तो सहज म्हणाला. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

बीटी कापूस देशात 2002 साली आला; आज कापसाचा 90 टक्क्यांहून अधिक पेरा त्याचाच. आपल्या सेंद्रिय मानकांना, म्हणजे एनपीओपीला, जनुकबदल केलेला खुराक चालत नाही. मग बाजारातली ढेप खाणाऱ्या गाईचे दूध सेंद्रिय कसे? 2017 च्या पावसाळ्यात याच कापसावर फवारणी करताना जिल्ह्यातले वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्याच पिकाच्या सरकीचे तेल काढून उरते ती ढेप. दुधाने पर्यावरणाचे काय केले, हे नुसता गोठा बघून कळणार नाही. कापसाच्या तासापासून मोजावे लागेल.

आता संकरित गाय आणि ई-क्लासवर, म्हणजे गावच्या चराईच्या जमिनीवर, चरणारी गावरान गाय शेजारी उभ्या करा. संकरित गाय दूध जास्त देते, म्हणून लिटरमागे मिथेन कमी. गावरान गाय दोन-तीन लिटरवर थांबते, तिचा लिटरमागे मिथेन जास्त. हे खरे आहे. युरोपातले अभ्यासही सांगतात की सेंद्रिय दुधाला लिटरमागे जमीन जास्त लागते. पण तिथली गाय मुख्यतः दुधासाठीच पाळतात. इथे तिचे शेण काळ्या रानात जाते, तिचा गोऱ्हा डवरा ओढतो. सगळा मिथेन दुधाच्याच खात्यावर टाकणारा हिशेब मला मान्य नाही. नैसर्गिक शेतीसाठी 2025 ची पद्मश्री मिळालेले आपल्या जिल्ह्यातले सुभाष शर्मा गाईकडे शेतीचाच भाग म्हणून पाहतात. हिशेब तिथून सुरू व्हायला हवा.

आणि दोन्ही गाईंचे दुखणे एकच: चारा. शेतकऱ्यांसाठीच्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधून मिळालेल्या दुभत्या गाई विदर्भात अनेकांनी विकल्या, कारण त्यांना पोसणे झेपेना. कापूस-सोयाबीनने ज्वारी हटवली आणि कडबा गेला. सोयाबीनच्या कुटारावर गाय जगते, दूध देत नाही. मग ढेप विकत आणावी लागते. माझ्या मते या जिल्ह्यात ज्वारीचा एक एकर दुधासाठी कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त करेल.

जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने येत्या खरिपाआधी गावोगाव कडब्याच्या ज्वारीचे बियाणे पोचवावे, आणि ग्रामपंचायतींनी ई-क्लासवरची अतिक्रमणे काढावीत.