हंडा टेकवायला जागा

मैत्रिणींनो, डोक्यावर हंडे घेतलेली डौलदार बाई आपण पोस्टरांवर किती वेळा छापली! एक लिनोकट तर माझाच. तिची मान दुखत असेल, हे त्यात कुठेच नव्हतं.

मुंबईच्या कलावंत नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये, कोंडागावच्या शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेसूराम विश्वकर्मा यांच्यासोबत हातपंपांभोवती 'नलपार' उभारले. त्यात शिल्पाकृती आहेत, सांडपाण्याला वाट आहे आणि भरलेला हंडा डोक्यावर घेण्याआधी मधल्या उंचीवर टेकवायला जागा आहे. "हे कसलं शिल्प? हे तर बांधकाम," म्हणणारे भेटतात. पंपावर रोज वाकणारीला विचारा!

मला सलतं ते वेगळंच. हंडा टेकला, तरी वाहायचा बाईनेच. नव्या पोस्टरसाठी मी हंडा उचललेला पुरुष कोरायला घेतलाय.