आधी शब्द, मग लगाम

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ‘गनिमी कावा’ हा शब्द वाचला आहे. या ‘कावा’ शब्दाला आणखी एक अर्थ आहे. घोड्याला लांब दोरीवर धरून गोल फिरवणे, यालाही कावा देणे म्हणतात. उर्दूतही हा शब्द याच अर्थाने येतो. लगाम, जीन, चाबूक हे शब्द तर दोन्ही भाषांत सारखेच आहेत.

तरुण घोड्याच्या पाठीवर स्वार बसण्यापूर्वी त्याला कावा शिकवतात. शिकवणारा मध्यभागी उभा राहतो. त्याच्या एका हातात सात-आठ मीटर लांब दोरी असते व दुसऱ्या हातात चाबूक. पण हा चाबूक मारण्यासाठी नसतो. तो फक्त दिशा दाखवतो. खरे काम आवाज करतो. ‘चल’ म्हटले की चालायचे, ‘दुडकी’ म्हटले की दुडक्या चालीने धावायचे, ‘थांब’ म्हटले की थांबायचे. आधी शब्द उच्चारायचा, मग खूण करायची. काही दिवसांनी खुणेची गरज उरत नाही.

काही लोक म्हणतात, “मुक्या जनावराला शब्द काय कळणार? त्याला चाबकाचीच भाषा कळते.” हे मत मला पटत नाही. घोड्याला शब्दाचा अर्थ कळत नसेल, पण आवाजाचा चढउतार नक्की कळतो. वेग वाढवायचा असेल तर आवाज चढा व झटपट असावा. थांबवायचे असेल तर खालच्या सुरात, लांबवून ‘थां…ब’ म्हणावे. मात्र शब्द रोज तोच हवा. आज ‘थांब’ आणि उद्या ‘उभा राहा’ म्हटले, तर घोडा गोंधळतो आणि मार खातो. ही चूक घोड्याची नव्हे, शिकवणाऱ्याची आहे.

मार खाऊन घाबरलेला घोडा पळतो, पण शिकत नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक लेखकाने हेच सांगितले होते: रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये. धडाही छोटा असावा. लहान वर्तुळात फार वेळ फिरवल्यास कोवळ्या पायांच्या सांध्यांवर ताण येतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटे पुरेत, तीही दोन्ही बाजूंनी. बरोबर केले की लगेच ‘शाबास’ म्हणावे.

पिरंगुटपासून जवळच, खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथील छात्र घोडेस्वारी शिकतात. आपल्या गावात मात्र घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत, बँड आणि फटाक्यांच्या गोंगाटात. एवढ्या आवाजात त्याला मालकाचा शब्द कसा ऐकू येणार? मग मालक लगाम ओढतो, चाबूक उगारतो. जनावराला विनाकारण मारणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? पुढच्या वरातीत घोड्याजवळ फटाके लावू नका आणि कोणी लावत असेल तर त्याला अडवा. एवढे तर आपण नक्कीच करू शकतो.