नानकटाई की नानखटाई?

दुपारी चारच्या चहाला मुंबईच्या उपनगरांत जे निरुपद्रवी वाद रंगतात, त्यांत नानकटाईच्या वादाचा मान मोठा आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील सोसायट्यांत मराठी आणि गुजराती बिऱ्हाडे भिंतीला भिंत लावून राहतात. मराठी आजींची ती ‘नानकटाई’, शेजारच्या बांची ‘नानखटाई’, आणि उत्तर भारतातून येऊन अंधेरीत स्थिरावलेल्या आजोबांची ‘नानखताई’. बशी एक, जिन्नस एक, नावे तीन. नावाचा निकाल लागण्याआधीच दुसरा वाद उभा राहतो : ती कोरडी खावी, चहात बुडवावी, की दुधात कुस्करावी?

नावाच्या वादात खरे तर कोणीच चुकत नाही. ‘नान’ हा फारसी शब्द, अर्थ रोटी. पुढच्या ‘खताई’विषयी मात्र मतभेद आहेत. कोणी त्याचा संबंध चीनच्या ‘खता’ या जुन्या नावाशी लावतात, तर कोणी तिच्यात पडणाऱ्या सहा जिनसांशी. गुजरातीत ‘खटाई’ म्हणजे आंबटपणा. पण नानकटाईत आंबट असे काहीच नसते! मराठीने ‘ख’चा ‘क’ केला, तो आपल्या भाषेच्या वळणाला धरूनच. हिंदीतील ‘भूख’ मराठीत ‘भूक’ होते, ‘भीख’ची ‘भीक’ होते आणि ‘सीखना’चे ‘शिकणे’.

तिचा उगम सुरतेत झाला असे सांगतात. डच व्यापारी तेथून परतताना त्यांची बेकरी दोटीवाला या पारशी कुटुंबाच्या हाती आली आणि पुढे तेथेच नानकटाई घडली, अशी ही परंपरागत हकिकत आहे. मुंबईत तिने दिवाळीच्या फराळात स्थान मिळवले. घरी ओव्हन नसण्याच्या काळात मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन जवळची बेकरी गाठायची, आपल्यासमोर नानकटाया भाजून घ्यायच्या आणि गरम डबे सांभाळत घरी यायचे, ही अनेक ज्येष्ठांच्या आठवणीतील दिवाळी आहे.

वाद चालू द्या, दुरुस्ती नको

काळजीवाहकांनी या आठवणींचे मोल ओळखावे. विस्मरणाचा आजार जडलेल्या व्यक्तीला सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण बेकरीतल्या रांगेची आठवण पुष्कळदा शाबूत असते. “आपल्याकडे हिला काय म्हणायचे?” हा प्रश्न तिला बोलते करतो. अशा वेळी नातवंडांनी उच्चार दुरुस्त करू नये. शब्द चुकल्याची जाणीव वारंवार करून दिली, की ज्येष्ठ मंडळी बोलणेच आखडते घेतात. शिवाय एकट्याने खाणारी माणसे बहुधा कमी खातात, आणि चहाला चार माणसे असली की घासही नीट जातात.

उच्चार अचानक बदलला तर

ज्या व्यक्तीने सत्तर वर्षे ‘नानकटाई’ म्हटले, तिने ‘नानखटाई’ म्हटले तर काळजी नको. परंतु तोच ओळखीचा शब्द अचानक बोबडा, अडखळता किंवा अस्पष्ट येऊ लागला, तर थट्टा तेथेच थांबवावी. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. हसताना चेहऱ्याची एक बाजू ओघळते का, दोन्ही हात वर धरले असता एक खाली येतो का, हे पाहावे. यांपैकी एकही खूण दिसली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ टिपून ठेवावी. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच देता येते. त्याआधी मेंदूचा स्कॅनही व्हावा लागतो. म्हणून “जरा पडून राहा, बरे वाटेल” असे म्हणत वेळ दवडू नये. लक्षणे थोड्या वेळात नाहीशी झाली तरी रुग्णालयात जाणे टाळू नये. आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत चहा, पाणी, गोळी यांपैकी काहीही तोंडाने देऊ नये.

कोरडी, बुडवून की कुस्करून?

आता दुसरा वाद. बुडवून खाणे अशिष्ट आहे, असे काही घरांत अजूनही मानतात. कवळी लावणाऱ्या किंवा दात हलणाऱ्या ज्येष्ठांसाठी मात्र ते शहाणपणाचेच आहे. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील काही औषधांनी तोंडाला कोरड पडते. कोरड्या तोंडात नानकटाईचा भुगा टाळ्याला चिकटतो आणि ठसका लागतो. घोट चहाचा, मग लहानसा तुकडा, तो गिळल्यावर पुन्हा घोट, अशी सावकाश चाल ठेवावी. कवळीखाली कण अडकून हिरड्या दुखू नयेत म्हणून नंतर चूळ भरावी आणि कवळी काढून धुवावी.

पण ज्यांना गिळण्याचाच त्रास आहे, त्यांचा नियम वेगळा. पक्षाघातानंतर, कंपवातात किंवा विस्मरणाच्या पुढच्या टप्प्यांत अर्धवट भिजलेली नानकटाई आणि पातळ चहा एकाच घासात जाणे धोक्याचे ठरते. पातळ भाग आधी घशात उतरतो, तुकडे मागे राहतात आणि काही अंश श्वासनलिकेत जाऊ शकतो. खाताना किंवा पिताना खोकला, त्यानंतर घोगरा ओलसर आवाज, जेवणाला लागणारा फार वेळ, घटणारे वजन, वारंवार होणारा छातीचा संसर्ग या खुणा दिसल्यास डॉक्टरांना सांगावे. गिळण्याची तपासणी वाक्-उपचारतज्ज्ञ करतात. वांद्र्याची अली यावर जंग संस्था या शाखेचे शिक्षण देते. तज्ज्ञांनी अनुमती दिली असेल तर नानकटाई दुधात पूर्ण भिजवून, घोटून, एकजीव करावी. वर सुटे दूध राहू देऊ नये. व्यक्तीला ताठ बसवून भरवावे, आणि नंतरही सुमारे ३० मिनिटे आडवे होऊ देऊ नये.

एका नानकटाईचा हिशेब

घरचे साधे प्रमाण घेऊ : २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर. यातून २० नानकटाया झाल्या, तर प्रत्येकीत १० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम तूप आणि ५ ग्रॅम साखर येते. म्हणजे सुमारे १०० कॅलरी. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांनी एक नानकटाई आणि बिनसाखरेचा चहा असा मेळ डॉक्टरांना विचारून ठरवावा. सरसकट बंदी घातली की डबा लपवला जातो, आणि लपवलेला डबाही सापडतोच. मग खाल्ले किती, याचा पत्ता लागत नाही.

विकतच्या नानकटाईत तुपाऐवजी वनस्पती असू शकते. तेल-तुपांतील ट्रान्स फॅटचे प्रमाण २०२२ पासून २ टक्क्यांवर येईल इतके बांधले गेले आहे. तरी वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी, आणि सुटा माल घेताना काय वापरले ते विचारावे.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर, घाबरेपणा जाणवून साखर उतरल्याची शंका आली, तर त्या क्षणी नानकटाई देऊ नये. तिच्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट १०८.

बशीतील जिनसाचे नाव प्रत्येकाने आपापले ठेवावे. वाढण्याची पद्धत मात्र ज्याच्यासमोर बशी आहे त्याचे दात, घसा आणि रक्तातील साखर पाहून ठरवावी. आणि एका घरात तीन माणसांसाठी ती तीन तऱ्हांची असली, तरी काही बिघडत नाही.