तिच्या मर्जीने

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात सान इग्नासिओ नावाची खाडी आहे. हिवाळा सरताना तिथे ग्रे व्हेलच्या माद्या पिल्लांसह मुक्कामाला असतात आणि त्यांतल्या काही आपणहून होड्यांना येऊन भिडतात. बारा-चौदा मीटरचं धूड होडीखालून सरकतं, पलीकडे डोकं वर काढतं. कधी आईच पिल्लाला माणसांच्या हातांकडे ढकलते. कुतूहल असेल, अंग घासून घ्यायचं असेल, असे अभ्यासकांचे तर्क आहेत.

मला थक्क करतो तो या जागेचा इतिहास. इथल्याच किनाऱ्यावरच्या खाड्यांत १८५०च्या दशकाच्या उत्तरार्धात चार्ल्स स्कॅमनसारखे कप्तान शिकारीला उतरले. उथळ पाण्यात, पिल्लाला बिलगून असलेल्या आईवर भाले चालले. चवताळलेल्या माद्यांनी शेपटीच्या फटक्यांनी होड्या फोडल्या आणि शिकाऱ्यांनी त्यांनाच सैतान ठरवलं! विसाव्या शतकात शिकारीवर बंदी आली, धास्ती मात्र उरली. व्हेल जवळ येऊ नये म्हणून कोळी होडीचा तळ बडवत. १९७२मध्ये फ्रान्सिस्को मायोरल या कोळ्याच्या होडीला एक व्हेल येऊन टेकली आणि हलेचना. शेवटी त्यांनी हात पुढे केला.

आज तिथले कोळीच पर्यटकांना नेतात. होड्या मोजक्या, वेग कमी. व्हेलच्या मागे लागायचं नाही, थांबायचं. ती आली तर आली. याच खाडीवरचा प्रचंड मिठागर प्रकल्प लोकांच्या विरोधानंतर २०००मध्ये मेक्सिको सरकारने सोडून दिला.

आता मालवण आणि गोव्याकडे बघू. किनाऱ्यालगतचे आपले हम्पबॅक डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदोपत्री वाघाइतकेच सुरक्षित. पण एक पाठ दिसली की चहूबाजूंनी होड्या इंजिनं गर्जवत धावतात. दोष मी तांडेलाला देणार नाही. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत’ ही बोली त्याला पाठलाग करायला लावते, आणि ती आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठीच लावलेली असते. परवाना देतानाच या बोलीवर बंदी घालावी, डॉल्फिनपासून किती अंतरावर इंजिन मंद करायचं ते ठरवून द्यावं, आणि रिकाम्या समुद्रावरून परतलो तरी ठरलेलं भाडं तांडेलाच्या हातावर ठेवावं.