पासपोर्ट पाहून नेमलेला मास्तर

चीनमधल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावातलं कॉलेज. सकाळी आठचा तास. बाकांवर गरम पाण्याचे थर्मास, फळा आधीच पुसलेला, प्रोजेक्टर सुरू. ही सगळी तयारी वर्गप्रमुख मुलीची. परदेशी शिक्षक हजेरी घेतो तेव्हा चिनी पोरं ‘केविन’, ‘लिली’, ‘अ‍ॅपल’ या नावांना ओ देतात. चार वर्षं एकाच वर्गात शिकणारी, एकाच वसतिगृहात राहणारी ही मुलं एकमेकांना आतून-बाहेरून ओळखतात. शिक्षक मात्र आठवड्यातून एखाद-दुसऱ्या तासापुरता त्यांच्यात येतो. विषय ठरलेला, ‘मौखिक इंग्रजी’.

या शिक्षकाची बडदास्त जावयासारखी असते. कॉलेजच्या आवारात बिनभाड्याचं घर, बऱ्याच ठिकाणी मायदेशी जायचं विमानभाडं, 10 सप्टेंबरच्या शिक्षकदिनी फुलं, वर जेवणावळी. पण जावयाला घरच्या व्यवहारात विचारतंय कोण? ऑक्टोबरमधल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीची भरपाई म्हणून रविवारी वर्ग भरणार, हे त्याला आदल्या रात्री वीचॅटवर कळतं. तेही चिनी भाषेत.

खरी गोम परीक्षेत आहे. ही मुलं देतात त्या, 1987 पासून चालत आलेल्या ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’ची चौथी पातळी 710 गुणांची असते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, भाषांतर हे सगळं तीत आहे. बोलण्याची परीक्षा वेगळी आणि ऐच्छिक. म्हणजे परदेशी माणसाला जे शिकवायला बोलावलं, त्याला या 710 गुणांत जागाच नाही. अशा तासाला मागच्या बाकांवर शब्दांच्या याद्या घोकल्या जात असतील, तर मुलांना काय म्हणून दोष द्यायचा?

मग नेमणूक कशाच्या जोरावर होते? 2017 पासूनच्या वर्क परमिटच्या नियमांनुसार भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवायची आणि पदवीही ती मातृभाषा असलेल्या देशातली हवी. व्यवहारात याचा अर्थ अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा मोजक्या देशांचे पासपोर्ट. पुण्यात किंवा नागपुरात वीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या प्राध्यापिकेपेक्षा दोन वर्षांचा अनुभव असलेला ओहायोचा तरुण इथे सरस ठरतो.

चीनला याहून चांगली रीत ठाऊक आहे. 1937 मध्ये युद्धामुळे पेकिंग विद्यापीठ हुनानला हललं, तेव्हा इंग्रज कवी-समीक्षक विल्यम एम्प्सन यांनी पुस्तकांवाचून, निव्वळ स्मरणावर इंग्रजी कविता शिकवली. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि हबेईच्या रणक्षेत्रात बेथ्यून वैद्यकीय विद्यालयात शिकवलं. 1996 मध्ये यांगत्सेकाठच्या फुलिंगला शिकवायला गेलेल्या अमेरिकी लेखक पीटर हेसलर यांच्याकडे साहित्याचा पूर्ण विषय होता आणि चिनी ते तिथेच शिकले. तिघांच्याही हाती खरं काम होतं.

आज तसं काम द्यायचं तर बोलण्याची परीक्षा सक्तीची करून तिचे गुण 710 मध्ये धरावे लागतील. परदेशी शिक्षकाला अभ्यासक्रमाच्या बैठकीत बसवावं लागेल आणि उमेदवाराला पासपोर्ट मागण्याआधी वर्गात एक तास घ्यायला सांगावं लागेल. नागपूरच्या बाईंना त्या एका तासाची धास्ती वाटण्याचं काही कारण नाही.