जुने मोडते, नवे उभे राहते, पण कोणासाठी?

नवा उद्योग जुन्याला मोडूनच उभा राहतो. १९४२ मध्ये अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी याला ‘सर्जनशील विनाश’ म्हटले. निसर्गातही असे घडते. १९८८ मध्ये अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात वणवे पेटले. त्या धगीने लॉजपोल पाइनची घट्ट मिटलेली शंकूफळे उघडली आणि राखेत बिया रुजल्या.

पण गिरणगाव म्हणजे जंगल नव्हे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्या जागी मॉल आणि टॉवर आले. कामगार मात्र घरासाठी सोडतीची वाट पाहत राहिले.

वणव्याला जाब विचारता येत नाही, धोरणाला येतो. बदल अटळ म्हणणाऱ्यांनी त्याची किंमत कोण मोजणार, हेही सांगावे.